अक्काची पाठकोरी कार्डं

माझ्या भाच्याने आखलेल्या सहलीत उदयपूरच्या वाट्याला दीड दिवस आला होता. जयपूर, जोधपूर, उदयपूर मिळून सात दिवस. सोबतीला पुण्याच्या बायकांचा गट, दारात बस, वेळेवर चहा. जानेवारीतल्या एका रविवारी बंगळूरच्या इंदिरानगरात त्याच्या घरी जेवण झाल्यावर त्याने हे सगळं मोबाइलवर दाखवलं.

"आत्या, तुला काही म्हणजे काही बघावं लागणार नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. "म्हणजे सामानबिमान. शहर बघ की तू."

"दीड दिवसात?"

"पुरतं गं. ऑफिसातले लोक वीकेंडला जाऊन येतात."

त्याची बायको पुण्याची. ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "त्यांना उदयपूरला सहा दिवस हवेत. त्या केव्हापासून सांगतायत, तू ऐकत नाहीयेस."

"सहा दिवस हे मोठ्या आत्याचं होतं," भाचा म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला, "आता तू एकटी आहेस. सहा दिवस अनोळखी गावात एकटी काय करणार? पुढच्या रविवारपर्यंत सीट पक्की करायची आहे. तोवर ठरव."

मोठी आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही मूळच्या बेळगावकडच्या, त्यामुळे मी तिला अक्का म्हणायची. मल्लेश्वरममध्ये अख्खी गल्ली तिला अक्काच म्हणू लागली. एकवीस वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो. मी शाळेत इतिहास शिकवायची, ती एका संस्थेच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची करायची. ऑगस्टमध्ये चार दिवसांच्या आजाराने ती गेली. फेब्रुवारीत आम्ही उदयपूरला जाणार होतो.

सहा दिवसांमागे एक जुना राग होता. नोकरीत असताना आम्ही एकदा बसच्या सहलीने हंपीला गेलो होतो. वाटाड्याच्या गळ्यात शिट्टी होती. दगडी रथापाशी त्याने वीस मिनिटं दिली आणि शिट्टी वाजवली. अक्का उठली नाही. समोरच्या ओवरीच्या सावलीत बसून ती एकाच खांबाकडे बघत होती. मी हाक मारली तर म्हणाली, "स्वल्प थांब. याच्यावरचं माकड आत्ताच दिसलंय मला." बस आमच्यासाठी पंधरा मिनिटं खोळंबली, आणि परतीच्या वाटेवर मागच्या बाकावरून टोमणे येत राहिले. एकजण म्हणाला, "म्हातारपणी या बायका खांब बघायला अमेरिकेला जातील." अक्का तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. घरी आल्यावर तिने जाहीर केलं, यापुढे एका वेळी एकच गाव आणि एका वेळी एकच जागा.

आखणी करायची तिची पद्धत तिच्या कामातून आलेली. ग्रंथालयाची सूची संगणकावर गेली तेव्हा जुनी कार्डं रद्दीत निघाली. तिने विचारून चार खोकी घरी आणली. एका बाजूला कुठल्या तरी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाची नोंद, दुसरी बाजू कोरी, म्हणजे कार्डं पाठकोरी. वाणसामान, औषधं, निरोप, सगळं आमच्याकडे त्या कार्डांवर लिहिलं जायचं. प्रवासासाठी नियम असा: सकाळचं एक कार्ड, संध्याकाळचं एक, दुपार झोपेची. कार्डाच्या खालच्या बाजूला मधोमध भोक असतं. खणातली सळई त्यातून जाते. त्या भोकातून ती लोकरीचा धागा ओवायची. क्रमांक कधी घालायची नाही. धाग्यातला क्रम तोच दिवसांचा क्रम.

उदयपूरचा जुडगा निळ्या लोकरीत होता. तिच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी तिचं टेबल आवरलं. काहीतरी नीट करत राहावं एवढंच तेव्हा सुचत होतं. मी गाठ सोडली, लिहिलेली आठ कार्डं काढली आणि अकारविल्हे लावून ठेवली. गणगौर घाट, जगदीश मंदिर, दूधतलाई, पिछोल्यातली होडी, आणि पुढे तशीच सहेलियों की बाडीपर्यंत. आयुष्यभर तिने खणात कार्डं अशीच लावलेली मी पाहिली होती. तिला आवडेल असं वाटलं. नीट लावून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की कोणत्या दिवशी काय, हे आता जगात कुणालाच ठाऊक नाही.

त्या रविवारी मी मेट्रोने घरी आले, ती आठही कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि ठरवलं की क्रम शोधायचा. तारीख नसलेली पत्रं आतल्या पुराव्यावरून कशी लावायची हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. फतेहसागरच्या कार्डावर होतं, "परवाच्या तळ्यापेक्षा मोठं आहे का ते बघणे." म्हणजे पिछोला दोन दिवस आधी. जगदीश मंदिराच्या कार्डावर, "पायऱ्या उंच. राजवाड्याच्या दिवशी नको." गणगौर घाटाच्या कार्डावर एवढंच, "तिला कबुतरं आवडत नाहीत, पण चालवून घेईल." हे वाचून मी उठले आणि गच्चीवर जाऊन आले.

बुधवारपर्यंत बरंच जमलं होतं. सज्जनगडाचं कार्ड मात्र कुठेच बसेना. ते डोंगरावरचं ठिकाण. त्यावर तिने लिहिलं होतं, "काल पाय विसावलेले असतील." कुठला काल? प्रत्येक कार्डावर चालणं होतंच. शिवाय सहा दिवसांना बारा कार्डं लागतात आणि माझ्याकडे आठच होती. आखणी अर्धवट राहिली असं मी धरून चालले.

भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, आठच जागा आहेत. सकाळी लवकर निघालं तर दोन दिवसांत होतात. मी गटाच्या बाईंशी बोलून तुला अर्धा दिवस जास्त मिळवून देतो."

तो माझ्या भल्याचंच बोलत होता, आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. शेजारच्या बाईंनीही दारात उभं राहून सांगितलं होतं, वर्ष तरी होऊ द्या, मग फिरा. मी सगळ्यांना "सरी", म्हणजे बरं, म्हणत होते. खरी धास्ती वेगळी होती. आठ जागांच्या मधल्या वेळात मी काय करणार, हे मलाही ठाऊक नव्हतं. अक्काबरोबर रिकामा वेळ कधी रिकामा वाटला नव्हता.

गुरुवारी दुपारी मी उदयपूरला फोन लावला. अक्काने एका अतिथीगृहाचा नंबर तिच्या वहीत लिहून ठेवला होता. निदान खोली आहे का ते तरी विचारावं. मालक वयस्कर असावा. हिंदीत, सावकाश बोलत होता. मी बंगळूरहून बोलतेय म्हटल्यावर तो थांबला.

"पायऱ्या विचारणाऱ्या ताई ना तुम्ही?"

"त्यांची धाकटी बहीण."

"हां, हां. त्यांनी मला तीनदा फोन केला होता. एकदा पायऱ्या किती म्हणून. एकदा खिडकी कुठल्या दिशेला म्हणून. आणि एकदा मला झापायला."

"झापायला?"

"मी म्हटलं, पहिल्याच दिवशी होडीत बसा, गावाची ओळख होईल. तर म्हणाल्या, पाहुण्याने आल्या आल्या घरातली कपाटं उघडून बघू नयेत. पहिला दिवस आम्ही तुमच्या खिडकीत बसणार. मधे आणखी एक दिवस बसणार. दोन्ही दिवस खोली झाडायला माणूस पाठवू नका." तो हसला. "तीस वर्षं खोल्या देतोय. न बघण्याचं बुकिंग करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं. कशा आहेत त्या?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "खिडकीची खोली ठेवू का?"

"ठेवा. सहा रात्री. नक्की."

फोन ठेवला आणि मला निळा धागा सोडतानाचा माझाच हात आठवला. जुडग्यात कोरी कार्डं होती. दोन सगळ्यात वर, दोन मधेच कुठेतरी. उरलेली असतील, पुढे लिहायला घेतली असतील असं समजून मी ती कोऱ्या कार्डांच्या डब्यात परत टाकली होती. वाया जाऊ नयेत म्हणून. सूची करणाऱ्या बाईची बहीण ना मी. कोरं कार्ड दिसलं की डब्यात.

डबा स्वयंपाकघरात फडताळावर होता. ती चार कार्डं शोधावी लागली नाहीत. सगळ्यात वरच होती, कारण ऑगस्टनंतर त्या डब्यातून कुणी कार्ड घेतलंच नव्हतं. मी हल्ली यादी करत नाही, जे आठवेल ते आणते. एकाच्या भोकात निळ्या लोकरीचा तंतू अडकलेला होता.

टेबलावर आता बारा झाली. दोन कोरी पहिल्या दिवसाला. दोन कोरी सज्जनगडाच्या आदल्या दिवशी, पाय विसावायला. बाकीची आपोआप सरकली. जगदीश मंदिर आणि गणगौर घाट यांतलं आधी कुठलं एवढंच राहिलं. कबुतरं एकदाची उरकून टाकू म्हणून मी घाट आधी ठेवला. तिने उलट ठेवलं असेल तर असू दे.

पेन हातात होतं. कोऱ्या कार्डावर निदान "विश्रांती" असं लिहावं, म्हणजे भाच्याला दाखवता येईल, असं मनात आलं. टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.

रविवारी मी पुन्हा इंदिरानगरला गेले. मालकाला अक्काने कसं झापलं ते भाच्याच्या बायकोला आधी सांगितलं. जेवायच्या आधीच पिशवीतून कार्डं काढून त्याच्यापुढे ठेवली.

"गटाच्या बाईंना नाही म्हणून सांग. मी उदयपूरला सहा दिवस जाणार आहे. खोली ठरली. जायच्या-यायच्या तिकिटांचं तू बघ, ते मला मोबाइलवर जमत नाही."

त्याने कार्डं एकेक करून पाहिली. पहिली दोन उलटीसुलटी केली. "यावर काहीच नाही."

"तो पहिला दिवस आहे."

"काय करणार पहिल्या दिवशी?"

"बसणार. खिडकीतून तळं दिसतं."

"आणि हा? मधला दिवस? तोही कोराच?"

"तोही."

"आत्या, तू तिथे बसून रडणार आहेस," तो म्हणाला. एवढं सरळ तो आजवर बोलला नव्हता.

"रडेन कदाचित. मग चहा मागवेन. बसच्या गटात शिट्टी वाजली की तेही अर्धवट टाकून उठावं लागेल."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तिकीट काढ रे. आणि खिडकीजवळची सीट बघ, नाहीतर तुलाही आत्या फोनवर झापतील."

त्याने मोबाइल घेतला, माझी जन्मतारीख विचारली, खालचा बर्थ मिळतोय का पाहिलं. मधेच मान वर न करता म्हणाला, "रोज संध्याकाळी फोन करेन. काय बघितलंस ते सांगायचं."

"पहिल्या दिवशी सांगायला काही नसेल."

"मग तेच सांग."

मी कार्डं गोळा केली, कोरी दोन वर ठेवली आणि पिशवीतून निळी लोकर काढली. बाराही भोकं एका रेषेत आणून धागा ओवला. गाठ मी पक्की मारली, आणि वर आणखी एक.