जुहू ते कोल्हापूर विमानाने, वाटेत हरिहरेश्वरची वाळू

कोल्हापूरहून जावईबापूंची तार आली: कुसुमचा ताप उतरत नाही, ताबडतोब निघा. त्या दिवसाची गाडी सुटून गेली होती. ही गोष्ट सन सदतीसच्या सुमाराची. जुहूहून कोल्हापूरला विमान नुकतेच जाऊ लागले होते. सरळ रेषेत अंतर दोनशे मैलांच्या आतले, वेळ पावणेदोन तास.

"विमानानं जाऊ," माझी पत्नी यमुना म्हणाली.

कुसुम आमची एकुलती एक मुलगी. नाही कसे म्हणणार? पण मला गच्चीच्या कठड्याशीही उभे राहवत नाही.

जुहूचा विमानतळ म्हणजे गवताचे मैदान आणि एक पत्र्याची शेड. जाणाऱ्यांनी पोट रिकामे ठेवावे आणि कानात कापूस घालावा. सामानाबरोबर माणसाचेही वजन करतात. उतारू आम्ही दोघेच. वैमानिक पारशी होता, हसतमुख.

"घाटावर धुकं आहे, शेठ. किनाऱ्यानं जाऊ आणि मग आत वळू. काही झालंच तर खाली वाळू असते."

काही झालंच तर! मी कानातला कापूस आणखी आत दाबला.

अलिबाग गेले, जंजिऱ्याचा किल्ला गेला. यमुना खिडकीतून पाहत होती. मी माझ्या बुटांकडे. श्रीवर्धनच्या पुढे इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. त्या आवाजाला मी तासभर भीत होतो, पण तो थांबल्यावरची शांतता त्याहून भयंकर होती. पंखांच्या तारांमधून वारा शीळ घालत होता. समुद्र वर येत होता. मी देवाचे नाव घ्यायला गेलो, पण एकही आठवेना.

चाके वाळूवर आपटली, उसळली, पुन्हा आपटली. विमान थांबले. समोर हरिहरेश्वरचा डोंगर होता.

मासळी वाळवणाऱ्या कोळणी धावत आल्या. एकीने यमुनेला पाणी दिले. मागून एक म्हातारा तांडेल आला, होडीवरचा मुख्य. त्याने वैमानिकाला स्पष्ट सांगितले, "वाळू घट हाय, पन भरती लागलीय. घटकाभरानं हितं पानी येल."

पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. वैमानिक ती काढून फुंकत होता आणि लाट दर खेपेला हातभर पुढे येत होती. शेवटी इंजिन पुन्हा धडधडू लागले.

"पुन्हा बंद पडलं तर?" मी विचारले.

"मग घाट खाली असेल, शेठ. वाळू नाही."

दुसरा रस्ता होता: बैलगाडीने श्रीवर्धन, मोटारीने माणगाव, पुढे महाड आणि घाट. दीड-दोन दिवस.

"मी विमानानं जाते," यमुना म्हणाली. "तुम्ही मोटारीनं या."

"वेडी आहेस का? एकटी?"

"व्हय, शेठ, तुमी ऱ्हावा," तांडेल म्हणाला. "गाडी मी जोडून देतो."

त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती, म्हणूनच लाज वाटली. मी आत चढलो. तांडेलाने आणि कोळणींनी शेपटी धरून विमान वळवले. उजवे चाक पाण्यातून फेस उडवत धावले, मग जमीन सुटली. घाट ओलांडेपर्यंत मी इंजिनाचा प्रत्येक ठोका ऐकला.

पावणेदोन तासांचे साडेचार झाले. पण आम्ही पोचलो तेव्हा कुसुम शुद्धीवर होती. आईचा हात धरून ती झोपली. नवव्या दिवशी ताप उतरला.

परतताना आगगाडीने आलो. घाई असेल तर विमानाने जरूर जा. हवा स्वच्छ असेल तेव्हा जा. मी मात्र आता जाणार नाही.

घरी आल्यावर एका दुपारी सुपात तांदूळ निवडता निवडता यमुना मध्येच थांबली. मी विचारले, काय झाले?

"तिथं वाळूवर तुम्हाला खाली राहा म्हटलं," ती म्हणाली, "तुम्ही भ्यालात म्हणून नाही. मला खात्री होती, ते विमान पडणार. पोरीला दोघांतलं एक तरी उरावं, एवढंच मनात होतं."

सूप तिच्या मांडीवरून घेऊन मी खाली ठेवले. तिच्याकडे पाहायला मला बराच वेळ लागला.