भुशातला व्हॅनिला

लाकूड बघून तोंडाला पाणी सुटणारा माणूस अख्ख्या शिरोड्यात एकच, आमच्या शेजारचे सर. शाळेत त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सॉ-मिलमधून फणसा-आंब्याचा भुसा पोत्याने आणायला लागले. लाकडात व्हॅनिला दडून बसलेला असतो, तो बाहेर काढायचा, बस्स! कुकरात कॉस्टिक सोडा, भुसा, सुपारीवर फवारायचं ते मोरचूद चिमूटभर, शिटीच्या भोकातून माशांच्या टाकीच्या पंपाची हवा, शेवटी व्हिनेगर. सोड्याने ॲल्युमिनियमचे दोन कुकर खाल्ले तेव्हा काकू कडाडल्या, "आता माकाच शिजवा त्यात!" सर ढिम्म. "मोरचूद हो उत्प्रेरक गो," मला समजावत होते. "लग्न जमवणारो काको. दोघांका बोहल्यार चढवता, आपण होतो तसोच."

व्हॅनिलाची बाटली बाजारात मिळते की, असं मी एकदा म्हटलं, तर दुखावलेच. "जन्मभर फळ्यार लिवलंय. एकदा नाकान बघूचा आसा."

आणि नेमकं नाकच गेलं! साथीच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही. तव्यावर सुके बांगडे करपून घरभर धूर, आणि सर आपले पेपर वाचतायत. प्रयोग मात्र थांबेनात. बशी माझ्या नाकाखाली यायची, आणि मी खरं ते सांगायची: जळकी करवंटी, ओलं गोणपाट. एकदा त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून म्हटलं, "आला हो सर, व्हॅनिलाच!" सर गालात हसले. "आज भुसो घालूकच नाय मी." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गेल्या महिन्यात, देवाशपथ सांगते, वास आला! पुसट, पण अगदी तोच. मी ओरडलेच. काकू धावत आल्या, हुंगलं आणि डोळ्यांना पदर लावला. "आसा हो, आसा!" सरांनी डोळे मिटून बशी कितीतरी वेळ नाकाशी धरली. मग आमच्या दोघींकडे बघितलं.

"बरा जमवलात दोघींनी," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी मायेने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा मन मऊ आसा गो बाय. उद्या परत ये हुंगूक. पण खरा काय ता सांग हां."

खरंच सांगितलं होतं हो, सर.