आधी प्रश्न, मग तक्ता

कॉलेजच्या कपाटातून आज गुंडाळी फळा काढला आणि रेक्झिनचा तो कुबट वास नाकात गेला. बी.एड.च्या वर्षी असाच फळा काखेत मारून मी वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला सराव पाठ घ्यायला गेले होते. खिडकीतून खारा वारा येत होता, मागच्या बाकावर आमच्या प्राध्यापिका निरीक्षणाची वही उघडून बसल्या होत्या. मी घाबरून थेट तक्ताच उलगडायला लागले, तशी पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तक्ता आता नाय. आधी प्रश्न इचारायचे, मग 'आज आपण पानांचे प्रकार शिकणार आहोत' असा बोलायचा." जुन्या वह्यांवरून उतरवलेला हाच पाठ आमच्या कॉलेजची पोरं दरवर्षी तिथं घ्यायची, वर्गाला तो तोंडपाठ होता. मी तिचं ऐकलं. हात भराभर वर झाले, उत्तरं धडाधड आली, पाठ रंगला. शेवटी कौतुकानं मी तिलाच फळ्यावरचं वाचायला उभं केलं. ती म्हणाली, "वाचायला नाय येत, बाई. ते तुमच्या पाठात नसतं." मागून प्राध्यापिका म्हणाल्या, "वेळ संपली," आणि त्यांनी वहीत 'उत्तम' लिहिलं. आता त्या मागच्या बाकावर मी बसते. पाठ अजून रंगतात. फळ्यावरचं वाचायला कुणाला उभं करू नका, एवढं मी विद्यार्थ्यांना आधीच बजावून ठेवते.