कहलच्या खिडकीबाहेरचा ढोल

मर्विन गिलिलंडला गावात कुणी वाईट म्हणत नसे, आणि एवढ्या भांडवलावर त्याची साठ वर्षं निभावली होती. उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टाडाउनच्या बाहेर छोटं घर, शाळेची बस चालवायची नोकरी, रविवारी प्रोटेस्टंटांचं प्रेस्बिटेरियन चर्च आणि बारा जुलैला बापाचा नारिंगी पट्टा गळ्यात घालून लॉजच्या, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळाच्या, कॅथलिकांवरच्या जुन्या विजयाच्या मिरवणुकीत चालायचं. धाकटा भाऊ हर्बी आपला त्या मिरवणुकीतला लँबेग ढोल मर्विनच्याच शेडमध्ये ठेवायचा, कारण हर्बीच्या बायकोने त्या ढोलाला घरात बंदी केली होती. तिचं तरी काय चुकलं? तो वाजायला लागला की कपाटातल्या कपबश्या नाचतात. ढोल एवढा थोरला, की गाडीत चढवायला दोघं लागत. दुसरा कायम मर्विन.

बायको आयव्ही वारली आणि मर्विनला संध्याकाळ खायला उठू लागली. तेव्हा इंटरनेटवर त्याला तो खेळ सापडला, उत्तर आयर्लंडची लुटुपुटूची विधानसभा. पक्ष खोटे, मंत्री खोटे, भांडणं मात्र अस्सल. खऱ्या सभेसारखाच इथेही आत शिरताना शिक्का मारून घ्यावा लागे: ब्रिटनवाले, आयर्लंडवाले की इतर. आमच्याकडे प्रोटेस्टंट बहुतेक ब्रिटनमध्येच राहू म्हणतात, कॅथलिक आयर्लंडला मिळू म्हणतात. मर्विन गेला तेव्हा ब्रिटनवाल्यांच्या जागा भरलेल्या होत्या. आयर्लंडवाल्यांची एक रिकामी होती. खेळच तर आहे, म्हणत त्याने ती घेतली आणि नाव ठेवलं कहल, पक्कं कॅथलिक. आमच्याकडे नाव ऐकलं की माणूस कुठल्या चर्चला जातो ते कळतं, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलंच नाही.

आणि गंमत बघा, कहल मर्विनपेक्षा कितीतरी बरा बोलायचा. लॉजमध्ये चहाच्या कपामागे तोंड लपवणारा हा माणूस सभेत तासतासभर भांडू लागला.

त्याच्याच पक्षात ब्रोना होती. स्ट्रबेनची, नर्स, तिशीतली, अस्सल कॅथलिक. मर्विनच्या गुडघ्यापासून त्याच्या जेवणापर्यंत सगळ्याची चौकशी करणारं माणूस आता तीच एक उरली होती. एकदा तिने त्याला एकट्याला लिहून कळवलं, की अशाच एका बारा जुलैला तिच्या भावाला अंगातल्या आयरिश खेळाच्या जर्सीवरून कॅथलिक म्हणून ओळखून चौघांनी मारलं होतं, त्याचा एक कान कायमचा गेला. मर्विनने उत्तर दिलं, "आपल्या माणसांच्या वाट्याला हेच येतं गं, पोरी." त्या 'आपल्या'ने त्याला रात्रभर झोपू दिलं नाही.

या उन्हाळ्यात कहलने सभेत घटनादुरुस्ती आणली. शिक्के रद्द करा. आमदाराला तो कोणत्या बाजूचा हे विचारूच नका, मत म्हणजे मत. पण ती मंजूर व्हायची तर जुन्या नियमानेच, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुरेशी मतं पडून. आयर्लंडवाल्यांकडून जेमतेम पुरत होती. कहलचं धरून.

शेवटची चर्चा माइकवर, तोंडी होती. जुलैची उकाड्याची संध्याकाळ, मर्विनने खिडकी सताड उघडलेली. कहल रंगात आला होता आणि शेडमधून, सरावाला आलेल्या हर्बीने टिपरू टाकलं.

इथल्या पोरासोरांनाही तो आवाज कळतो, आणि तो कुणाच्या परसात वाजतो तेही.

"काय हो कहल," ब्रिटनवाल्यांतला एक जण हसत म्हणाला, "राहता कुठे? लॉजच्या माळ्यावर? सभापती, हा बुवा ह्यांचा नाहीच. खोडा त्याचं मत."

मर्विनने खरं सांगावं तर दुरुस्ती बुडणार. आणि ब्रोना? तिला काय सांगणार, की त्या दिवशीही मी पट्टा घालून चालतच होतो?

"काहीतरीच काय बोलता?" ब्रोनाच मध्ये पडली. "बिचारे त्यांच्यात एकटे राहतात. शेजारी असतील तसले. हो ना, कहल?"

"हो," मर्विन म्हणाला. "शेजारी."

"इतके दिवस बोलला नाहीत! त्रास देतात का हो?"

आता थांबायचं होतं. पण सगळे ऐकत होते आणि तो हसणारा माणूस अजून हसत होता.

"रानटी लोक आहेत," मर्विन म्हणाला. "डोकं नाही, ढोल तेवढा आहे. माणसांत बसवायच्या लायकीचे नाहीत."

ढोल मघाशीच थांबला होता. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मतदान झालं, दुरुस्ती एका मताने तरली. ब्रोना आनंदाने ओरडलीच. "आता कुणी विचारायचं नाही, कोण कुठला! कहल, रविवारी जेवायला या आमच्याकडे. आईने कधीचं बोलावलंय. दादालाही भेटायचंय तुम्हाला. येताय ना?"

मर्विनने मान वळवली. मागच्या दारात हर्बी उभा होता. टिपरांनी बोटांची सालटी निघालेली, हातात चहासाठी रिकामा मग.

"कहल कोण रे?"

"कुणी नाही. खेळ आहे तो, हर्बी."

"आणि तो रानटी शेजारी? तोही खेळच का?"

ज्या सभेत मर्विनने इतकं भाषण केलं, तिथलं एक वाक्य सख्ख्या भावासमोर तोंडातून फुटेना. त्याला स्वतःची शिसारी आली. पडद्यावर ब्रोना पुन्हा विचारत होती, येताय ना?

हर्बीने मग ओट्यावर नीट ठेवला आणि तो शेडकडे गेला. ढोल छातीशी कवटाळून, अडखळत, गाडीच्या दिशेने निघाला. मर्विन धावत मागे गेला आणि ढोलाची दुसरी बाजू धरायला त्याने हात पुढे केले.

"राहू दे, कहल," हर्बी म्हणाला.