पैलवानांनी सतरंजी मागितली

माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, त्याला वर्ष होऊन गेलं. उजवा हात-पाय हळूहळू सुधारत होता, काठी घेऊन चालायलाही लागले होते. मग एकदा न्हाणीघरात पडले आणि तेव्हापासून कॉट सोडेनात. डॉक्टर सांगून थकले, मी रागावून थकले. "पायात जीवच न्हाई," एवढंच म्हणायचे. साखर कारखान्यात फिटर म्हणून सगळी उमर उभ्यानं काढलेला माणूस, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा.

अशात देवळालीला आमच्या चर्चच्या हॉलमध्ये एका जुन्या नामांकित पैलवानांचं भाषण ठरलं. गावात फिजिओथेरपीची खोली उभारायची होती, तिच्या मदतीसाठी. यांनी तरुणपणी जत्रेत त्यांच्या कुस्त्या बघितलेल्या. मी म्हटलं, "पैलवान येणार आहेत, जायचं का?" तर बऱ्याच दिवसांनी मान माझ्याकडं वळली. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दोघांनी धरून यांना हॉलमध्ये नेऊन बसवलं.

पैलवान आले आणि मी चपापलेच. फेटा ऐटीत, मिशा पांढऱ्याशुभ्र, पण गुडघे पार गेलेले. खुर्चीत बसतानासुद्धा टेबलाचा आधार घेतला. नारळ-शाल झाली. मला वाटलं, आता जिद्द आणि चिकाटी ऐकायला लागणार.

ते म्हणाले, "कुस्त्यांचं तुमाला ठाव हाय. मी पडलो कसा ते सांगतो." म्हातारपणी ते घरामागं गोठ्यात पडले होते. घरात कुणी नाही. "एवढे गडी चितपट केले, पन माझं मला उठता येईना. म्हशी बघत हुत्या. तवा रडलो."

हॉलमध्ये हसू फुटलं आणि लगेच विरलं.

"पडायची भीती कुनाला वाटती?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या शेजारी यांचा डावा हात वर गेला.

मी बघतच राहिले. पायात जीव नाही म्हणणारा माणूस भीत होता, आणि ते मला नाही, भरल्या हॉलला सांगत होता.

पैलवानांनी सतरंजी मागितली. स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आले आणि सगळ्यांसमोर स्वतः आडवे झाले. "पडल्यावर उठायची घाई करायची न्हाई. आदी दम घ्यायचा. मग चांगल्या कुशीवर वळायचं. कोपर, मग गुडघं. खुर्ची जवळ वढायची, तिच्यावर हात, चांगला पाय म्होरं." कण्हत, कुथत ते उठले. मग यांच्याकडं बघून म्हणाले, "या फिटरसाहेब, आता तुमी." फिटर होते हे त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे.

यांना सतरंजीवर बसवलं, आडवं केलं. मी पुढं झाले तसे पैलवान म्हणाले, "वैनी, तुमी फकस्त बघा." मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. हे वळले, घसरले, थांबले. गुडघे टेकवले, डावा पाय पुढं घेतला. खुर्ची करकरली. आणि उभे राहिले. घामानं निथळत होते. पैलवानांनी यांची पाठ थोपटली, "आता कशाला भ्यायचं?"

टाळ्या बराच वेळ चालल्या असाव्यात. माझं लक्ष यांच्या तोंडाकडं होतं. निघताना पैलवानांचे आभार मानायचे होते. मी नुसती पाया पडले. तेच अवघडून म्हणाले, "अहो, वाकू नका, मला वाकून तुमाला उठवता यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे कॉटवरून पाय खाली सोडून बसलेले. "अगं, सतरंजी टाक की." तेव्हापासून रोज चाललंय. फिजिओथेरपीची खोलीही झाली. तिथं रिक्षानं जातात, येतात. परवा तिथं नवीन आलेल्या एका बाईंना हे समजावत होते, "आदी दम घ्यायचा, ताई. घाई न्हाई." मी दारातच थांबले आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पैलवानांचे तर रोजच मानते.