मेलेल्यांचा तयार मजकूर

आठवीतून शाळा सुटली आणि पोटासाठी मी साताऱ्याकडून जुन्या जालन्यात आलो. ना ओळख, ना दाखला. तरी मालकानं मला त्याच्या टायपिंगच्या दुकानात बसवलं, राहायला माळा दिला, घरच्या डब्यातलं खाऊ घातलं, कॉम्प्युटर शिकवला. हे उपकार मी कधी नाकारणार नाही. पण ते दुकान आठवलं की आधी शिसारीच येते.

माउस कायम चिकट. मालक ज्या बोटांनी गुटखा तोंडात कोंबायचा त्याच बोटांनी पडद्यावरच्या ओळी ओढून निळ्या करायचा. मराठी टाइप व्हायचं एका खिडकीत, कार्ड जुळायचं दुसऱ्या खिडकीत. इथून उचलायचं, तिथं चिकटवायचं. उचललेलं एकच राहतं, दुसरं उचललं की पहिलं गेलं. हे त्यानंच शिकवलेलं.

त्याला स्वतःला मात्र टाइप करायचा कंटाळा. कोणी वारलं की तो तिसरी खिडकी उघडायचा. तिच्यात मेलेल्यांचा तयार मजकूर: प्रेमळ, मनमिळाऊ, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. नाव तेवढं बदलायचं. सुनेला उपाशी ठेवणारी म्हातारीसुद्धा आमच्याकडून प्रेमळ होऊन जायची.

एकदा परतूरकडचा एक माणूस आला. वडील वारले होते, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची कार्डं हवी होती. मजकूर त्यानं स्वतः लिहून आणला होता: 'बाबांनी जिनिंगात कापसाच्या गाठी उचलून आम्हा भावंडांना शिकवलं. त्यांना वंदन.'

"दादा, एवढंच टाका," तो म्हणाला. "देव, आत्मा काही नको. बाबांनी तरुणपणी धम्म घेतला, मंग घरात देवाचं नाव न्हाई काढलं."

मी ओळ टाइप केली, उचललीही. तेवढ्यात मालकानं माझ्या हातातला माउस ओढून घेतला. मी बाहेरगावचा म्हणून तो मला पाव्हणाच म्हणायचा. "जल्दी कर ना पाव्हण्या. काय कोरीव काम करून राह्यला?" आणि सवयीनं तिसऱ्या खिडकीतली ओळ उचलून कार्डात चिकटवली. मी म्हणालो, "मालक, ते बौद्ध आहेत." तो म्हणाला, "कोण वाचतंय?"

वाचणारा समोरच उभा होता. मालकानं छापून दिलेला नमुन्याचा कागद त्यानं दोन्ही हातांत धरला. "हे माझ्या बापाचं न्हाई."

"अहो भाऊ, शांतीच मागितली. शिवी थोडीच दिली?"

"कार्यक्रमाला सगळा समाज येईल. बाबांच्या फोटोपुढं हे वाचतील. मी तिथं बसू कसा, सांगा."

मालक दारातून बाहेर पचकन थुंकला. "कर रे बाबा, त्याचं त्याला करून दे."

मी त्याची ओळ पुन्हा उचलली, चिकटवली. नवा कागद त्यानं ओठ हलवत वाचला, घडी न घालता स्वतःच्या चिठ्ठीसकट शर्टाच्या आत जपून ठेवला आणि त्यावरून कार्डं छापून घ्यायला छापखान्याकडे गेला.

तो पायऱ्या उतरला न उतरला तोच मालक म्हणाला, "ओळ भारी हाय. तिसऱ्या खिडकीत टाकून ठेव. त्या लोकांचं कोणी मेलं की बराबर कामाला येईल. जिनिंग काढ, नुसतं कष्ट ठेव."

यानं हाकललं तर या गावात मला दुसरं दार नव्हतं, ते डोळ्यांपुढं आलं. तरी मी ती ओळ टायपिंगच्या खिडकीतून कापली, कार्डातूनही कापली. आणि तिसऱ्या खिडकीत चिकटवायच्या आधी शेजारच्या लग्नपत्रिकेतलं 'आग्रहाचं निमंत्रण' उचललं.

"मालक, गेली."

"गेली म्हंजे?"

"दुसरं उचललं गेलं."

"बिलकुल डोकं न्हाई तुला," तो म्हणाला. जरा वेळ बडबडला, मग डबा उघडून अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. "जेव आता."

भाकरीवर त्याच्या बोटांचे तांबडे ठसे उमटले होते. मी ती खाल्ली.