घाटात बस हाय

कांबळे मॅडम सकाळी लॅबमध्ये आल्या की चपला दाराबाहेर काढायच्या, कोपऱ्यातल्या करड्या डब्यासमोर बसायच्या आणि एक शब्द टाइप करायच्या. पडद्यावर आकडा उमटायचा. तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या दिवसाच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहायच्या. काल तीनशे आठ, आज तीनशे नऊ. मग म्हणायच्या, "चालू हाय." त्याच्या आधी कुणी चहा पुढे केला तर घ्यायच्या नाहीत.

तो डबा न थांबता किती दिवस चाललाय, ते सांगणारा हा आकडा. साल दोन हजारच्या आसपासची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी केमिस्ट होतो. भट्टीतल्या रसाचा नमुना माझ्याकडे यायचा, यंत्र त्यावर ठिणगी पाडायचं आणि लोखंडात काय किती आहे ते हा डबा सांगायचा. रस साच्यात ओतायचा की नाही, हे त्याच्या शब्दावर ठरायचं.

डबा म्हणजे नेहमीचा पीसी नव्हे. यंत्राबरोबर परदेशातून आलेला, आतला प्रोसेसरही वेगळ्याच जातीचा. बनवणारी कंपनी बंद पडली, मग त्याची डिस्क गेली, आणि नवं यंत्र घेण्याची मालकांची तयारी नव्हती. मॅडम मूळच्या शिरोळकडच्या, संगणकाचं शिक्षण घेऊन आमच्याकडे लागलेल्या. त्यांनी त्या डब्यावर लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी संगणकप्रणाली, चढवायचं ठरवलं. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडी पीसीच्या. या जातीचं लिनक्स त्यांनी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून तुकड्यातुकड्यांनी फ्लॉप्यांवर उतरवलं. दहातल्या दोन फ्लॉप्या खराब निघायच्या, की पुन्हा कॅफे. सहा महिन्यांनी जुना प्रोग्राम त्या लिनक्सवर चालू झाला. आम्ही पेढे आणले. मॅडम पेढा हातात धरून बसून राहिल्या. "आता चालतंय म्हणून भ्या वाटाय लागलंय," म्हणाल्या.

बाईंचा स्वभावच तो. कामगार पाठीमागे त्यांना 'भित्री म्याडम' म्हणायचे आणि मीही हसायचो. डब्यातली एक बॅटरी मेलेली होती. यूपीएसमुळे वीज गेली तरी तो चालायचा, पण एकदा बंद झाला की आपली ओळख आणि तारीख विसरायचा. परत चालू करताना त्याचा लांबलचक नंबर हाताने भरावा लागे. तो त्यांनी कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये चिकटवला होता. पण त्यांना डबा बंद पडण्याची तेवढी भीती नव्हती. "बंद पडलेलं दिसतंय की, शिंदे," त्या मला सांगायच्या. "चालू असून चुकाय लागलं तर? कोण वळखणार?"

आम्ही बसच्या चाकात बसणारे हब ओतायचो. प्रत्येक नमुन्याचं बटण दाबायच्या आधी मॅडम पुटपुटायच्या, "घाटात बस हाय." रोज पंचवीस वेळा. एकदा मी चेष्टेने विचारलं, "मॅडम, पोचली काय हो बस?" त्यांनी पुढचा नमुना लावला. हसल्या नाहीत.

खंडेनवमीला त्यांचा जीव टांगणीला लागायचा. त्या दिवशी अख्खी फाउंड्री थांबायची. यंत्रं बंद करायची, धुवून पुसून हळदीकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, ही रीत. मॅडम बौद्ध. दरवर्षी त्या डब्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि फोरमन नाना ताट घेऊन आले की म्हणायच्या, "पूजा करा की, नाना. फकस्त बटणाला हात लावू नका." नाना कुरकुरत हार घालायचे. बाहेर गेल्यावर लोक म्हणायचे, यांच्यात चालत न्हाय म्हणून अडवत्यात. ते मॅडमच्या कानावर जायचं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा खुर्ची टाकून बसायच्या.

एका वर्षी त्यांच्या आईने हट्ट धरला. मरायच्या आधी एकदा दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी बघायची. मॅडमनी चार दिवसांची रजा काढली. पेन्सिल माझ्या हातात दिली. "मी जातो, शिंदे. आकडा रोज लिवा. आणि बटणाला कुणाला हात लावू देऊ नका." असं तीनदा सांगून गेल्या.

नवमीला नाना आले, मागे दहा-बारा माणसं. "म्याडम न्हाईत तवर नीट पूजा हू दे की, साहेब. वर्षातनं एक दिस त्यालाबी इसावा." सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या माणसांचा धाक वाटला, आणि खरं सांगायचं तर, बाई उगीच बाऊ करतात असंही वाटलं. मी स्वतःच्या हाताने डबा बंद केला. संध्याकाळी ड्रॉवरमधला नंबर भरून चालू केला. झाला चालू! कॅलेंडरात मी पुढचा आकडा लिहिला, जणू काही झालंच नाही. दसऱ्याच्या दिवशीचाही लिहिला.

दसऱ्यानंतर भट्टी पेटली. सकाळी मी यंत्राची परीक्षा घ्यायचा तुकडा लावला, ज्यात काय किती आहे ते आधीच माहीत असतं. आकडे जरा हलले होते. मी तुकडा घासून पुन्हा लावला. या खेपेला जवळपास आले. मग "जवळपास" या शब्दाला धरून मी दिवसभर होकार देत गेलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्टेशनवरून थेट आल्या. चपला काढल्या, बसल्या, शब्द टाइप केला. पडद्यावर दोन. कॅलेंडरात माझ्या अक्षरात चारशे चौदा. बराच वेळ त्या एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. 

"काल किती वतलं?" एवढंच विचारलं.

आवारात कालचे हब टेंपोत चढत होते. पुढच्या कारखान्यातल्या ढिगात ते मिसळले असते तर पुन्हा कुणालाच निवडता आले नसते. मॅडम अनवाणी धावल्या आणि टेंपोपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी मागच्या आठवड्यातला एक हब मागवला आणि घण माझ्या हातात दिला. "मारा." मी मारला. खण्ण आवाज आला आणि घण उसळून परत आला. मग त्यांनी कालचा एक पुढे ओढला. "आता ह्यो."

ठक् झालं. हबाचे दोन तुकडे माझ्या पायाशी पडले.

मॅडमनी एक तुकडा उचलला. "घाटात हुती, शिंदे," त्या हळूच म्हणाल्या. अजूनही एसटीने गगनबावड्याचा घाट उतरताना मी डोळे मिटून घेतो आणि मला तो आवाज ऐकू येतो.

मालकांनी सगळा माल परत भट्टीत टाकला आणि मला काढायचं ठरवलं. मॅडम मध्ये पडल्या. डबा चालू केल्यावर यंत्राच्या झिजेप्रमाणे आकडे दुरुस्त करणारा, मॅडमनी सुधारलेला तक्ताही हाताने भरावा लागे, नाहीतर प्रोग्राम जुनाच तक्ता उचलायचा. ते त्या कागदावर नव्हतंच. "ते माझ्या डोक्यात हुतं. लिवलं न्हाय, ती माझी चूक," त्या मालकांना म्हणाल्या. "आणि शिंद्यांस्नी काढू नका. हितं भिणारी मी एकटीच हुतो. आता दोघं झालो."

पुढच्या वर्षी त्या आपणहून म्हणाल्या, "आईला परत जायाचं हाय. जाऊ न्हवं?" मी मान हलवली. 

नवमीला नाना ताट घेऊन आले, मागे तीच माणसं. मी बटणावर तळवा ठेवून बसलो होतो. "हार घाला, नाना. हात काढणार न्हाय मी." नानांनी माझ्याकडे बघितलं, तसाच हार घातला आणि जाताना माझ्याही कपाळाला कुंकू लावलं.

दुपारी लॅबमधला फोन वाजला. नागपूरहून मॅडम. मागे गर्दीचा गलका.

"आकडा?"

"तीनशे त्रेपन्न."

"पडद्यावरचा का कॅलेंडरचा?"

"दोन्ही."

 मग त्यांनी विचारलं, "भ्या वाटतंय काय, शिंदे?"

"लई वाटतंय, मॅडम."

"मग मी आणि एक दिवस ऱ्हातो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.